एक ओळ आणि पाच जिने

जावईबापूंचं एक तत्त्व होतं. जे काम दोनदा करावं लागतं ते माणसाचं नव्हे, यंत्राचं. आणि यंत्राला सांगायचं ते एका ओळीत सांगावं. हे तत्त्व त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बायकोने पडदे धुवायला काढायला सांगितले तरी घरातले सगळे पडदे एका झटक्यात कसे निघतील याचा विचार करत ते अर्धा तास स्टुलावर उभे राहायचे. पडदे शेवटी बायकोच काढायची.

इमारतींचे नकाशे काढायचं ऑफिस त्यांच्या सासूबाईंचं होतं आणि तिथले संगणक जावईबापू सांभाळायचे. नोकरी आधी लागली आणि लग्न नंतर झालं, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत. उपयोग काही व्हायचा नाही. ऑफिसातली सगळी मंडळी त्यांना जावईबापूच म्हणायची. ते स्वतः सासूबाईंना घरी 'आई' म्हणत आणि ऑफिसात 'मॅडम', त्यामुळे दारातून आत पाऊल टाकताना रोज एकदा त्यांची जीभ अडखळायची.

या ऑफिसात टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड होते. खरे संगणक त्यांच्यामागे नव्हतेच. मागच्या थंडगार खोलीत एक भलंमोठं यंत्र घुमत असायचं आणि त्याच्या पोटात प्रत्येकासाठी एकेक आभासी संगणक नांदत होता. एका मोठ्या घरात वेगवेगळी बिऱ्हाडं असावीत तसं. प्रत्येक बिऱ्हाडाची डिस्क वेगळी, म्हणजे आपापलं सामान आपापल्या माळ्यावर. संध्याकाळी सगळे गेले की हे संगणक आपोआप बंद व्हायचे, सकाळी आपोआप चालू व्हायचे, आणि शनिवारी सगळ्यांच्या कामाची एक प्रत तिजोरीत जाऊन पडायची. ही सगळी व्यवस्था जावईबापूंनी लावलेली. ती बिनबोभाट चालायची, म्हणूनच कुणाला तिचं कौतुक नव्हतं, आणि जावईबापूंची तीच एक खंत होती.

संधी चालून आली ती वर्गामुळे. ऑफिसच्या एका खोलीत नकाशे काढायला शिकणाऱ्यांचा वर्ग भरायचा. तिथले डझनभर संगणक म्हणजे धर्मशाळा झाली होती. कुणी स्क्रीनवर मांजराचं चित्र लावून जायचं, कुणी अक्षरं एवढी मोठी करून ठेवायचं की एका वेळी तीनच दिसावीत, आणि एक बाई तर आपले सगळे धडे विश्वासाने कचऱ्याच्या डब्यात साठवायच्या. सासूबाई वैतागल्या. शनिवारी निघताना त्यांनी सांगितलं, की वर्गातले संगणक रोज सकाळी पाटी पुसल्यासारखे कोरे मिळाले पाहिजेत.

जावईबापूंकडे उत्तर तयार होतं. आभासी संगणकाच्या डिस्कला एक सेटिंग असतं. ते लावलं की दिवसभर वाटेल ते लिहा, खोडा, मांजरं लावा. संगणक बंद झाला की त्या दिवसाचं सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तो गंगेत न्हाल्यासारखा निर्मळ उठतो.

ऑफिसातले सगळ्यात जुने नकाशेवाले म्हणजे मिशीकाका. त्यांचा सल्ला साधा होता. संगणक डझनभर आहेत, एकेक उघडावा, सेटिंग बदलावं, पुढच्याकडे जावं. तासाभराचं काम.

जावईबापूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणूस चकमकीने विस्तव पेटवणाऱ्याकडे बघतो.

"काका," ते म्हणाले, "एका ओळीचं काम आहे."

सोमवारी सकाळी, ऑफिस उघडण्याआधी, ते गळ्याला मफलर गुंडाळून थंड खोलीत जाऊन बसले. वर्गातल्या संगणकांची नावं होती 'शिकाऊ' आणि पुढे आकडा. ऑफिसातल्या माणसांचे जे संगणक होते त्यांना सासूबाईंनी मोठ्या हौसेने 'शिल्प' हे नाव दिलं होतं, पुढे आकडा. जावईबापूंनी आपल्या ओळीत 'शि' लिहिलं. पुढे 'काऊ' लिहायचा त्यांना कंटाळा आला. म्हणून त्यांनी तिथे एक चांदणी टाकली. यंत्राच्या भाषेत चांदणीचा अर्थ 'आणि पुढे काहीही'.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं. जावईबापूंच्या आलं नाही.

यंत्र तसं समजूतदार होतं. प्रत्येक डिस्कला हात लावण्याआधी ते 'नक्की ना?' म्हणून विचारायचं. पण जावईबापूंना असल्या चौकशांचा तिटकारा, म्हणून त्यांनी ओळीच्या शेवटी 'विचारू नकोस, सगळ्याला हो समज' असंही बजावून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर 'झालं, झालं, झालं' अशी रांग धावू लागली. डझनभर संगणकांच्या मानाने ती बरीच लांबली, पण जावईबापूंना तो यंत्राचा उत्साह वाटला. ते मफलर सोडत बाहेर आले, तोवर मंडळी जमली होती, आणि मिशीकाकांच्या टेबलासमोरून मुद्दाम दोनदा गेले.

मंगळवारी सकाळी वर्ग आरशासारखा लख्ख होता. मांजर नाही, राक्षसी अक्षरं नाहीत, कचऱ्याच्या डब्यात एक धडा नाही. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "छान झालं हं." त्यांच्या तोंडून 'छान' ऐकायला लोकांना वर्षं लागायची. जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच वेळी, भिंतीच्या पलीकडे, खिडकीताई आपल्या स्क्रीनकडे डोळे फाडून बघत होत्या.

त्या आठवड्यात सगळ्या ऑफिसला एकच ध्यास होता. एका मोठ्या वाचनालयाचा नकाशा करायचा होता. शुक्रवारी वाचनालयाची समिती तो बघायला येणार होती. पसंत पडला तर काम मिळणार, नाही तर दुसऱ्या ऑफिसला जाणार. भिंती मिशीकाकांच्या, दारं-खिडक्या खिडकीताईंच्या, त्या खिडकीपाशीच बसायच्या म्हणून नावही तेच. आणि मधला मोठा जिना खुद्द सासूबाईंचा. जिना म्हणजे इमारतीची नाडी, असं त्या म्हणायच्या, आणि ती नाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत.

तर खिडकीताईंनी सोमवारी दिवसभर खपून पूर्वेच्या खिडक्या रुंद केल्या होत्या, आणि मंगळवारी त्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या. मिशीकाकांनी सोमवारी एक भिंत हातभर मागे सरकवली होती. ती रातोरात पुढे चालून आली होती. आता या दोघांचं आधीपासूनच फारसं सख्य नव्हतं. भिंतीत खिडकी असावी की खिडक्यांना आधार म्हणून भिंत असावी, हा त्यांचा जुना वाद. खिडकीताईंना वाटलं, काकांनी आपल्या भिंतीसाठी माझ्या खिडक्या आवळल्या. काकांना वाटलं, हिने खिडक्यांसाठी माझी भिंत ढकलली. तोंडाने कुणी काही बोललं नाही. फक्त चहाच्या वेळी काकांनी साखरेचा डबा खिडकीताईंच्या हाताला लागणार नाही इतका दूर ठेवला, आणि युद्ध सुरू झालं.

सासूबाईंचा जिना तर पुरताच नाहीसा झाला होता. शनिवारी जिथे कोरी जागा होती तिथे मंगळवारी कोरीच जागा होती. पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. उभ्या आयुष्यात लोकांच्या चुका काढलेल्या बाईला स्वतःवर शंका घ्यायची सवय नसते. शंका आली की मग घर करून बसते. आपण जिना काढून ठेवायला विसरलो असू, असं मनाशी म्हणत त्या मुकाट्याने दुसरा जिना काढायला बसल्या.

तक्रार जावईबापूंकडे गेली ती खिडक्यांची आणि भिंतीची. दोघंही वेगवेगळे, दबक्या पावलांनी येऊन गेले आणि दोघांनीही दुसऱ्याचं नाव सांगितलं. जावईबापूंना प्रकरण आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे एक पहारेकरी लिहिला: कोण कुणाच्या नकाशाला हात लावतं ते गुपचूप टिपून ठेवणारी छोटीशी स्क्रिप्ट. ती त्यांनी आपल्याच संगणकावर ठेवली. त्यांचा संगणकही शिल्प घराण्यातलाच होता.

बुधवारी सकाळी खिडक्या परत अरुंद, भिंत परत पुढे, आणि पहारेकरी गायब!

आता जावईबापूंची खात्री पटली. चोर साधासुधा नव्हता. पहारेकऱ्यालाच उचलून नेणारा होता, म्हणजे घरभेदी, आणि संगणकातला जाणकार. त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघायला सुरुवात केली. जाणकार म्हणावं असं तिथे त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं, पण एवढ्याशा अडचणीने हटतील ते जावईबापू कसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे ते दिवसभर ऑफिसात गोल गोल फिरत राहिले. संध्याकाळी त्यांनी दुसरा पहारेकरी बसवला, आणि त्याच्या दाराला कुलूपही लावलं.

त्याच बुधवारी सासूबाईंना मोठा धक्का बसला. एका शाळेचं फाटक बसवायचं काम एका कंत्राटदाराने महिनाभर लोंबकळत ठेवलं होतं. सोमवारी त्यांनी त्याला मेलवर खरमरीत पत्र लिहिलं. मंगळवारी पाहिलं तर पाठवलेल्या पत्रांत ते कुठेच नव्हतं. नुसतं मनात लिहिलं असेल, असं समजून त्यांनी पुन्हा लिहिलं. बुधवारीही ते नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं, आणि या खेपेला त्याच्या वडिलांचाही उद्धार केला. दुपारी कंत्राटदार हात जोडून दारात उभा.

"मॅडम, फाटक कालच बसवलं," तो म्हणाला. "पहिल्या पत्रालाच समजलं होतं हो. वडिलांना कशाला मध्ये आणलंत? ते फार चांगले होते."

सासूबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, वडिलांबद्दल आस्थेने विचारलं आणि तो गेल्यावर केबिनचं दार लावून घेतलं. पत्रं गेली होती. तीनदा गेली होती. म्हणजे आपण लिहितो, पाठवतो आणि साफ विसरतो. समोर स्क्रीनवर त्या दिवशीचा, म्हणजे तिसरा, जिना अर्धवट पडला होता.

घरी त्या एकट्या असल्या की स्वतःची परीक्षा घेऊ लागल्या. न्हाणीघरातून पाढे म्हणण्याचा आवाज यायचा. एकोणतीसच्या पाढ्यापाशी अडखळून त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. सासरे हे दाराबाहेर उभं राहून ऐकायचे आणि हळहळायचे. माणूस मायाळू होता, पण संधीसाधू नव्हता असं मात्र म्हणता यायचं नाही. कितीतरी वर्षं त्यांना एक मोठी दुर्बीण घ्यायची होती आणि सासूबाईंनी कितीतरी वर्षं नाही म्हटलं होतं. बुधवारी संध्याकाळी ती दिवाणखान्यात येऊन उभी राहिली. तीन पायांची, माणसाएवढी उंच.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"असं काय करतेस? काल तूच नाही का हो म्हणालीस," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी दुर्बिणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेल्या. तेव्हा मात्र सासऱ्यांना दुर्बिणीचा आनंद होईना. त्यांनी जावईबापूंना फोन करून सांगितलं, की हिला विसर पडायला लागलाय, न्हाणीघरात पाढे म्हणत बसते आणि एकोणतीसला अडखळते, आणि आता हिने काम कमी केलेलं बरं. जावईबापूंनाही वाईट वाटलं. त्यांनी मोठ्या समजुतीने सांगितलं, की वय झालं की असं होतं, आपण त्यांना दुखवायचं नाही, फक्त हळूहळू विश्रांतीकडे वळवायचं. फोन ठेवल्यावर बायकोने त्यांची पाठ थोपटली. इतका समजूतदार जावई मिळायला भाग्य लागतं, असं तिला वाटलं. त्यांना तर वाटलंच.

गुरुवारी सकाळी दुसरा पहारेकरीही नव्हता. कुलूपसुद्धा नव्हतं.

दुपारपर्यंत जावईबापू चिडून लाल झाले होते. डोकं जरा शांत करावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पत्त्यांचा खेळ उघडला. आदल्या दिवशी, शत्रूवर नजर ठेवता ठेवता, त्यांनी एका बैठकीत लागोपाठ इतके डाव जिंकले होते की गुणांचा आकडा चौकटीत मावत नव्हता. तो बघून मन रमवावं म्हणून त्यांनी पाहिलं. आकडा शनिवारचा होता. मरतुकडा.

ते विचार करू लागले. खिडक्या कुणीतरी द्वेषाने आवळल्या असतील. भिंत कुणीतरी हट्टाने ढकलली असेल. पहारेकरी चोराने पळवला असेल. पण पत्त्यांचे गुण? ते कोण पळवणार? आपण पत्ते खेळतो हे शत्रूला तर सोडाच, बायकोलाही ठाऊक नाही. काल मिळवलेलं आज नाही. पाटी पुसल्यासारखं कोरं...

सगळ्या ऑफिसच्या घामाने जे सुचलं नव्हतं, ते पत्त्यांच्या डावाने सुचलं. ते धडपडत थंड खोलीत गेले. मफलरही घेतला नाही. आपली ओळ उघडली. 'शि' दिसलं. चांदणी दिसली. शिकाऊ दिसले आणि त्यांच्यामागे शिल्पांची आख्खी बिऱ्हाडं दिसली.

"आई गं!" जावईबापू ओरडले.

ते इतक्या जोरात ओरडले की बाहेर सगळ्यांनी ऐकलं. मिशीकाकांनी दारातून डोकं आत घातलं आणि सांगितलं, की मॅडम आत्ताच घरी गेल्या. बरं वाटत नव्हतं. तुमचे सासरे स्वतः न्यायला आले होते.

"संगणक?" जावईबापूंनी त्यांना दारातच धरलं. "त्यांनी संगणक बंद केला का?"

केला होता. आपल्या हाताने, नीट. त्या दिवशीचा जिना, म्हणजे चौथा, त्याच्याबरोबर गेला होता.

त्यानंतर पळापळ झाली. जावईबापू या टेबलाकडून त्या टेबलाकडे धावत, कुणीही काहीही बंद करायचं नाही, असं सांगत सुटले. त्या दिवसाचं काम अजून जिवंत होतं, पण नेहमीप्रमाणे संध्याकाळी संगणक बंद झाले की तेही गेलं असतं, आणि उद्या समितीला दाखवायला अरुंद खिडक्या आणि पुढे आलेली भिंत एवढंच उरलं असतं. प्रत्येकाचं काम उचलून त्यांनी एका वेगळ्या डिस्कवर घेतलं. मिशीकाका आणि खिडकीताई शेजारी शेजारी उभे राहून बघत होते. नेमका काय घोळ झालाय ते दोघांनाही कळलं. मग काकांनी साखरेचा डबा आणून ताईंच्या टेबलावर ठेवला.

पण जिन्याचं काय? आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना काय सांगायचं? सांगितलंच नाही तर? सगळी सेटिंगं गुपचूप पूर्ववत करावीत, शत्रू पळून गेला म्हणावं, काका-ताईंनी तोंड उघडलं नाही तर त्यांना पत्ताही लागणार नाही. हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण एकोणतीसचा पाढा आठवला आणि ते तसेच सासुरवाडीला निघाले.

दिवाणखान्यात सगळे होते. बायकोही माहेरी येऊन आईचा हात धरून बसली होती. सासरे सांगत होते, की आता ऑफिसची धावपळ पुरे, दोघं मिळून दुर्बिणीतून चांदण्या बघू. सासूबाई ऐकून घेत होत्या. त्या ऐकून घेत होत्या हे बघूनच जावईबापूंना राहवेना.

"आई," ते दारातूनच म्हणाले, "तुम्ही काहीही विसरत नाही. तुमचा संगणक विसरतोय. आणि त्याला विसरायला मी शिकवलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. 'शि', चांदणी, 'विचारू नकोस', काही लपवलं नाही. फक्त पत्त्यांचा उल्लेख केला नाही.

"म्हणजे जिना मी काढला होता?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"रोज काढला होतात."

"आणि त्या कंत्राटदाराचं पत्र?"

"तेही रोज गेलं. तुमच्याकडची प्रत तेवढी पुसली जायची."

आता काय ऐकावं लागणार म्हणून जावईबापूंनी खांदे आवळून घेतले. आणि सासूबाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला तरी हसू थांबेना. तीन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा गडगडत खाली जात होता. त्यांना बघून मुलगी हसायला लागली, सासरे तर मांड्यांवर थापा मारायला लागले. चांदण्या बघण्यात आयुष्य घालवायचं ठरवलं, ते म्हणाले, पण असली उपद्रवी चांदणी कधी पाहिली नाही.

सासूबाई एकदम हसायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"थांबा जरा. म्हणजे या दुर्बिणीला मी हो म्हटलंच नव्हतं."

सासऱ्यांनी घाईघाईने दुर्बिणीला डोळा लावला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं आणि आकाशात बघण्यासारखं काहीही नव्हतं, पण बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

जावईबापू आणि सासूबाई लगेच ऑफिसात परतले. आधी सगळी सेटिंगं पूर्ववत करायची होती. 'शिल्प' हे नाव पूर्ण लिहून एका ओळीत होईल, असं जावईबापूंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण सासूबाई बघत होत्या. त्यांनी एकेक संगणक उघडला, सेटिंग बदललं, पुढच्याकडे गेले. मिशीकाका शेजारी खुर्ची टाकून एकेक नाव मोठ्याने पुकारत होते आणि प्रत्येक नावानंतर 'नक्की ना?' असं विचारत होते. तासाभराचं काम तासाभरात झालं.

तिकडे सासूबाई पाचव्यांदा जिना काढायला बसल्या. पहिल्या चार जिन्यांतलं काय चुकलं होतं ते त्यांना आता पाठ होतं. पहिला फार उभा होता, दुसरा अंधारात जात होता, तिसरा रागात काढलेला म्हणून अरुंद, चौथा भीत भीत काढलेला. या खेपेला हात कुठे अडला नाही. अर्ध्यावर मात्र त्या थांबल्या, मान चोळली, खुर्चीत मागे टेकल्या आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी खिडकीताईंना बोलावून पूर्वेची एक खिडकी मागून घेतली, आणि मिशीकाकांकडून भिंत आणखी हातभर. दोघांनीही कुरकुर न करता दिली.

शुक्रवारी समिती आली. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले, नकाशा समोर पसरला. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर बाई होत्या, हातात काठी. त्यांनी भिंती पाहिल्या, खिडक्या पाहिल्या आणि जिन्यावर येऊन त्यांचं बोट थांबलं. जिन्याच्या मध्यावर एक ऐसपैस जागा होती, तिथे खिडकीखाली लांबलचक बाक होता, आणि बाकाच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या फळ्या. वर जाता जाता बसावं, पुस्तक चाळावं, मग सावकाश उठावं. अध्यक्षबाई किती वेळ तिथेच रेंगाळल्या. आयुष्यभर जिने चढले, त्या म्हणाल्या, पण माझ्या गुडघ्यांचा विचार करणारा जिना पहिल्यांदाच बघतेय. काम तुमचंच. फक्त एवढं सांगा, ही बाकाची कल्पना कुणाची?

"आमच्या जावईबापूंची," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

सगळ्या माना जावईबापूंकडे वळल्या. त्यांना काही कळेना, पण कौतुक दारात आलेलं परत कोण पाठवतो? त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि नम्रपणे अर्धवट उभे राहिले.

"अरे वा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तेही नकाशे काढतात?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यामुळे हा जिना मला पाच वेळा चढावा लागला. पाचव्यांदा दम लागला, म्हणून बसायला जागा केली."

जावईबापू हळूच खाली बसले.